सात जेवणांची रंगीत तालीम

तुम्हाला सांगतो, नियोजन हा गुण रक्तातच असावा लागतो. माझ्या आहे. शहरातल्या एका उंच काचेच्या इमारतीत मी सुरक्षा अधिकारी आहे. आग लागली तर माणसांनी कुठल्या जिन्याने, कशा रांगेत आणि किती शांतपणे खाली उतरायचं, हे त्यांना आग लागण्याआधी शिकवणं हे माझं काम. माझ्या तालमीत अख्खी इमारत रिकामी होते आणि कुणाच्या हातातला चहासुद्धा हिंदकळत नाही. मागच्या खेपेला हिशेब विभागातले एक गृहस्थ डुलक्या घेत खाली उतरले आणि रांग न मोडता पुन्हा वर जाऊन झोपले. असा मी माणूस! घरातली चार डोकी आठवडाभर जेवू घालणं मला काय जड जाणार?

पण आधी बायकोबद्दल सांगायला हवं, कारण हे सगळं तिच्यासाठी झालं. ती मोठ्या इस्पितळात नर्स आहे, ऑपरेशन झालेल्या रुग्णांच्या वॉर्डात. तिची पाळी असली की नवे डॉक्टर शर्टाची बटणं नीट लावून येतात. अशा बाईला सगळ्या सर्जरी वॉर्डांची इन्चार्ज करायचं इस्पितळाने ठरवलं. मेट्रनबाईंनी स्वतः बोलावून विचारलं आणि सोमवारी सकाळी उत्तर द्यायला सांगितलं. ही बातमी तिने मला शुक्रवारी संध्याकाळी भांडी विसळताना सांगितली, तीही नळ सुरू ठेवून.

"मग हो म्हणालीस ना?"

"नाही म्हणणार आहे."

"का?"

तेवढ्यात बाहेरून आईचा आवाज आला, "सूनबाई, गाळणी कुठे ठेवलीस गं?" पाठोपाठ माझे सासरे, "माझा चष्मा पुसायचा कपडा कुणी घेतला?" आणि त्यावर आमची लेक, "आई, आज जेवायला काय करतोय आपण?"

बायकोने नळ बंद केला आणि माझ्याकडे बघितलं. "म्हणून," ती म्हणाली.

आता आमच्या घराचा नकाशा समजून घ्या. आई शाळेत नाटक शिकवायची. निवृत्त झाली, पण शिकवायची थांबली नाही. दाराशी पोस्टमन आला तरी त्याने "पत्र" हा शब्द पोटातून उच्चारावा असा तिचा आग्रह असतो. सासरे, ज्यांना आम्ही सगळे नाना म्हणतो, घड्याळं दुरुस्त करायचे. जगात घाई करण्यासारखं काहीच नाही, असं त्यांचं मत आहे आणि ते जेवताना सर्वांत जास्त दिसतं. लेक कायद्याचं शिक्षण घेते आणि सराव घरच्यांवर करते. राहता राहिलो मी, तर माझ्याबद्दल वर आलंच आहे.

या चौघांना जेवायची वेळ झाली की एकच गोष्ट सुचते, ती म्हणजे बायकोला फोन करणे. ती कुठेही असो. मागे एकदा तिने एका रुग्णाच्या टाक्यांवरची पट्टी बदलता बदलता, फोन खांद्याला दाबून, मीठ कुठे आहे ते आम्हाला सांगितलं होतं. मीठ माझ्या हातातच होतं.

"इन्चार्ज झाल्यावर असे फोन घेता येत नाहीत," ती म्हणाली. "आणि हे घर माझ्याशिवाय आठवडाभर जेवू शकत नाही. तिकडे बसून मी रुग्ण बघू की तुमची पोटं?"

मला वाईट वाटलं. थट्टा बाजूला ठेवून सांगतो, फार वाईट वाटलं. ही बाई थकून घरी येते, पाय बादलीत बुडवून बसते आणि त्या अवस्थेतही कुठल्या खाटेवरच्या म्हाताऱ्याला आज पहिल्यांदा हसू आलं ते रंगवून सांगते. तिच्याइतकं ते काम कुणालाच येत नसणार. आणि तिने कशापायी मागे राहायचं, तर आमच्या गाळणीपायी?

"सोमवारपर्यंत थांब," मी म्हणालो. "हे घर तुला एकही फोन न करता आठवडाभर जेवू शकतं, हे मी तुला सिद्ध करून दाखवतो."

"सोमवारपर्यंत? आठवडाभर?"

"होय."

तिने कपाळावर हात मारला नाही, पण हात तिकडे निघाला होता.

शनिवारी मी कामाला लागलो. तशी गोष्ट सोपी आहे, तुम्हीही करून बघा. सोमवार ते रविवार रात्रीच्या जेवणाला काय करायचं ते आधीच ठरवायचं. कोण शिजवणार, कोण चिरणार, कोण घासणार ते वाटून द्यायचं. मग एकदाच बाजारात जाऊन सगळं सामान आणायचं. मी दोन्ही हातांत पिशव्या आणि काखेत भोपळा घेऊन घरी आलो. शहाण्या माणसाने इथे थांबावं. पण आमच्या धंद्यात तालीम न केलेल्या योजनेला योजना म्हणत नाहीत, भिंतीवरचा कागद म्हणतात.

रविवारी बायकोची दिवसपाळी होती. ती दाराबाहेर पडताच मी तिघांना स्वयंपाकघरात उंचीप्रमाणे उभं केलं.

"आज संध्याकाळी ती परत येईपर्यंत आपण अख्खा आठवडा पार पाडायचा आहे," मी जाहीर केलं. "एक दिवस साधारण तासाभराचा. शिजवायचं, जेवायचं, घासायचं, की दुसरा दिवस सुरू. नाना दिवस बदलल्याची घंटा देतील. तिला फोन करायचा नाही. काहीही झालं तरी नाही."

"आक्षेप," लेक म्हणाली. "शिजवून ठेवू की. सातही वेळा जेवायचं कशाला?"

"तालमीत जिना अर्धाच उतरलेला चालतो का?"

"बाबा, जिना पोटात जात नाही."

"आक्षेप फेटाळला. आणि ऐका, गुरुवारी एक संकट येणार आहे. कुठलं ते सांगणार नाही."

हे संकट म्हणजे माझा हुकमी एक्का होता. आमच्या इमारतीतला लिफ्टमन माझ्या प्रत्येक तालमीत जखमी होतो. जिन्यात पडून असा कण्हतो की दोनदा खरी रुग्णवाहिका आली आहे. गुरुवारी त्याने आगंतुक पाहुणा बनून यायचं आणि जेवणाला नावं ठेवायची, असं आमचं ठरलं होतं. पण सकाळीच त्याचा फोन आला, "साहेब, मला जमत नाही, बहिणीला पाठवतो. काळजी करू नका, ती नावं ठेवण्यात माझ्या वरचढ आहे." मी म्हटलं, उत्तमच.

सोमवार झकास पार पडला. भोपळ्याचं सूप आणि भाजलेला पाव. मी तर मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली. आईने सूप ढवळताना लेकीला उभं कसं राहायचं ते शिकवलं, एवढाच काय तो वेळ गेला. मंगळवारी बटाटे आणि अंडी होती. ताटं वाढली तेव्हा लक्षात आलं की नाना अजून सोमवारचं सूप पीत होते.

"नाना, मंगळवार सुरू झाला."

"तुमचा झाला असेल," नाना म्हणाले आणि चमच्यावर फुंकर घालू लागले.

"व्याहीबुवा, घंटा तुम्हीच दिलीत," आई म्हणाली.

"विहीणबाई, घंटा देणं माझं काम. ती पाळणं तुमचं."

अशा रीतीने घरात दोन आठवडे एकदम सुरू झाले, एक आमचा आणि एक नानांचा. बुधवारी आम्ही भात आणि भाज्या करत होतो तेव्हा नाना मंगळवारच्या पहिल्या बटाट्यावर होते. भांडी साचायला लागली. ज्याने सोमवार घासायचा तोच मंगळवार शिजवत होता आणि बुधवार चिरत होता. भातासाठी एक स्वच्छ पातेलं घरात उरलं नाही. तेव्हा मी खालच्या मजल्यावरच्या शिलाईवाल्या बाईंकडे गेलो.

या बाई इस्पितळातल्या सगळ्या नर्सचे गणवेश शिवतात. त्यामुळे इस्पितळात काय चाललंय हे तिथल्या डॉक्टरांच्या आधी त्यांना कळतं. त्यांनी मोठं पातेलं काढून दिलं आणि सुई ओठांत धरूनच विचारलं, "सकाळपासून वास येताहेत. कांदा काय, सूप काय. विशेष काही?"

मी नुसतं "नाही" म्हणून वर यायला हवं होतं. पण अंगात नियोजन संचारलं होतं ना! "सध्या बोलत नाही," मी भुवई उंचावून म्हणालो. "पण उद्या इस्पितळात कळेलच सगळ्यांना. बायकोचं काम आहे, मोठं."

बाईंनी ओठांतली सुई काढली. मला वाटलं, त्या प्रभावित झाल्या. त्या खरं म्हणजे फोन शोधत होत्या.

मग गुरुवार उजाडला, म्हणजे नानांनी घंटा दिली. गुरुवारचा बेत राजम्याचा होता. मी झाकण उघडून बघतो तर राजमा गोट्यांसारखा टणक.

"हा भिजवला नाही?"

"बुधवारी रात्री भिजवायचा असं ठरलं होतं," लेक म्हणाली.

"मग?"

"बुधवारची रात्र किती वेळ होती, बाबा? मी हात पुसले तोवर संपली."

मी पायात चपला सरकवल्या आणि राजम्याऐवजी अंडी आणायला कोपऱ्यावरच्या दुकानात पळालो. दुकानदार म्हणाला, "काल तर एवढी नेलीत." मी म्हटलं, "काल म्हणजे सोमवारच्या आधी." त्याने पुढे काही विचारलं नाही आणि अंडी जरा लांबूनच पुढे सरकवली.

मी दुकानात असताना घरी काय झालं ते मला नंतर तुकड्यातुकड्यांनी कळलं. दाराची घंटा वाजली. आईने दार उघडलं. बाहेर एक उंच, ताठ बाई उभी होती. केस घट्ट बांधलेले, हातात फुलांची कुंडी.

"अभिनंदन करायला आले आहे," ती बाई म्हणाली. "मी इस्पितळाची मेट्रन."

आई हसली. गुरुवारी संकट येणार हे तिला माहीत होतं आणि माझ्या तालमीतली संकटं कुठून येतात हेही माहीत होतं. "या या," ती म्हणाली. "भूमिका छान निवडलीत. उभं राहणं अगदी मेट्रनसारखं आहे. फक्त आवाज नाकातून येतोय, तो पोटातून आला पाहिजे."

"मी खरोखरच मेट्रन आहे."

"हं, आता बघा, आधीपेक्षा पुष्कळ बरं. अजून एकदा म्हणा."

लेकीने येऊन त्यांच्याकडे दोन प्रश्न फेकले. आईच्या वॉर्डात खाटा किती? पाळी किती वाजता बदलते? उत्तरं बरोबर आली. लेक मला नंतर म्हणाली, "साक्षीदार इतकी पढवलेली होती की खोटी असणारच." मग त्यांच्या हातातली कुंडी घेऊन आईने त्याजागी कांदे आणि सुरी दिली. नुसतं नाटक करून आमच्याकडे जेवण मिळत नाही, असंही ऐकवलं.

तुम्ही विचाराल, त्या बाईंनी हे ऐकून कसं घेतलं? मीही पुढे एकदा धीर करून विचारलं. त्या म्हणाल्या, "इतक्या वर्षांत एक शिकले आहे. अख्ख्या खोलीचं डोकं फिरलेलं दिसलं की विरोध करायचा नाही, हाताला काम असेल ते करत राहायचं आणि निरीक्षण करायचं."

मी अंडी घेऊन आलो तेव्हा शुक्रवार सुरू झाला होता, त्यामुळे गुरुवारची अंडी शुक्रवारातच उरकावी लागली. स्वयंपाकघरात एक अनोळखी बाई मान खाली घालून कांदे चिरत होती, आणि काय चिरत होती! एकेक फोड दुसरीची जुळी बहीण. मी ओळखलं, लिफ्टमनची बहीण. नानांची न संपलेली दोन दिवसांची जेवणं आईने तिला वाढली होती आणि तिने ती मुकाट्याने खाल्लीही होती. मला हे काही पसंत पडलं नाही. मी तिला बाजूला घेतलं.

"ताई," मी हळूच म्हणालो, "तुमचं काम थोडं मवाळ होतंय. नावं ठेवा. सूप गार आहे म्हणा, भात चिकट आहे म्हणा."

"भात चिकट आहेच," त्या म्हणाल्या.

"शाब्बास. असंच मोठ्याने म्हणा."

"हे सगळं कशासाठी चाललंय, ते मला कळेल का?"

मी इकडेतिकडे बघितलं. वाटलं, बिचारी एवढी मदत करते, तिला कळायला हवं. आणि खरं सांगू का, बायकोचं कौतुक करायला मला कुणीतरी हवंच होतं. मी त्या बाईला सगळं सांगितलं. बायकोला केवढी मोठी जागा मिळते आहे, ती कशी रात्री-अपरात्री एखाद्या घाबरलेल्या पोराचा हात धरून बसते, नव्या मुलींना सुई टोचायला शिकवताना आधी स्वतःचा हात कसा पुढे करते. 

"आणि तरी ती नाही म्हणणार आहे," मी म्हणालो. "आमच्यामुळे. घर चालणार नाही म्हणून. हे घर चालतं, एवढंच मला आज दाखवायचंय."

त्या बाईंनी हातातली सुरी खाली ठेवली. मग म्हणाल्या, "तिच्या मेट्रनला सांगितलं का तिने हे?"

"छे हो! तिला कोण सांगणार? ती बाई म्हणे भलती कडक. तिच्या बुटांचा आवाज आला की रुग्णांचे ताप आपोआप उतरतात."

"असं कोण म्हणतं?"

"बायकोच म्हणते."

"अस्सं," त्या म्हणाल्या आणि पुन्हा कांद्याकडे वळल्या. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मी म्हटलं, बघा, लिफ्टमनचं घराणंच कलावंतांचं.

पुढचं धड आठवत नाही. शुक्रवार करपला. शनिवारी कुणाला भूक नव्हती, तरी शिस्त म्हणून आम्ही खाल्लं. लेक भिंतीला टेकून जेवत होती. आईचे संवाद आखूड झाले. रविवारच्या पास्त्यापर्यंत पोहोचलो तेव्हा मला माझाच पट्टा सैल करावा लागला. पण एकही फोन गेला नव्हता! सात जेवणं झाली होती. अभिमानाने माझी छाती फुगली, पोट आधीच फुगलेलं होतं.

तेवढ्यात घंटा वाजली. दारात एक ठेंगणी, गोल चेहऱ्याची बाई उभी होती.

"मी लिफ्टमनची बहीण," ती म्हणाली. "उशीर झाला. आधीच सांगते, तुमचा जिना घाणेरडा आहे, पायपुसणं वाकडं आहे आणि जळका वास खालपर्यंत येतोय. बसून नावं ठेवू की उभ्यानेच?"

मी तिच्याकडे बघितलं. मग मागे वळून स्वयंपाकघराकडे बघितलं. तिथे त्या उंच बाई सुरी पुसत होत्या. मी खाली त्यांच्या पायांकडे बघितलं. पायात बूट होते.

दार अजून उघडंच होतं आणि लिफ्टमनच्या बहिणीच्या मागून, खांद्याला पिशवी लावून, बायको जिना चढून आली. तिने आत पाऊल टाकलं. ओट्यावरचा डोंगर बघितला, भिंतीला टेकलेली लेक बघितली, ताटावर बसलेले वडील बघितले. मग तिची नजर पुढे गेली आणि तिच्या खांद्यावरची पिशवी घसरली.

"मॅडम? तुम्ही? आणि रडताय?"

"कांदा," मेट्रनबाई म्हणाल्या.

आईने हळूच माझ्या कानात विचारलं, "म्हणजे ही खरीच?" मी मान हलवली. "तरी आवाज नाकातूनच येतो," आई पुटपुटली.

"सिस्टर," मेट्रनबाई म्हणाल्या, "शिलाईवाल्या बाईंनी कळवलं की तुम्ही हो म्हणालात आणि घरी मोठं जेवण आहे. म्हणून अभिनंदन करायला आले. इथे आल्यावर कळलं, तुम्ही नाही म्हणणार आहात. कारणही कळलं, तुमच्या यजमानांकडून. तुमच्या कौतुकासकट."

बायकोने माझ्याकडे बघितलं. त्या नजरेने माझा ताप उतरला असता, पण मला ताप नव्हता.

"घर चालणार नाही, असं तुमचं म्हणणं आहे." मेट्रनबाईंनी एकवार स्वयंपाकघरावरून नजर फिरवली. "दुपारपासून मी बघतेय. तुमचं म्हणणं रास्त आहे."

झालं! हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. हिला जी जागा मिळावी म्हणून एवढा खटाटोप केला, ती मी स्वतःच्या हाताने घालवली होती, तीसुद्धा देणाऱ्याच्या देखत. बायको खुर्चीवर बसली, बूट काढले आणि पाय लांब केले.

"मी सकाळपासून उभी आहे," ती म्हणाली. "आधी मला काहीतरी खायला द्या. मग काय ते ठरवू."

मी पातेल्याचं झाकण उचललं. रिकामं. दुसरं उचललं. त्यात शुक्रवार होता, काळा. सगळ्यांनी नानांच्या ताटाकडे बघितलं आणि त्याच क्षणी नानांनी शेवटचा घास तोंडात घातला.

सात जेवणं झाली होती. चार माणसं, एक मेट्रन, सगळे गळ्यापर्यंत जेवले होते. आणि जिच्यासाठी हे सगळं चाललं होतं, तिचं ताट मी कुठल्याच दिवशी धरलं नव्हतं. घर तिच्याशिवाय जेवू शकतं हे दाखवायच्या नादात, ती रोज रात्री भुकेली घरी येणार हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मला इतकी लाज वाटली की सांगता येत नाही.

आणि मग एक गोष्ट घडली. आईने माझ्याकडे न बघता तवा घासायला घेतला. आजवर नाना घास गिळायच्या आधी कधी ताटावरून उठले नव्हते, ते उठले आणि टोपलीच्या तळातून दोन बटाटे शोधून आले. लेकीने पावाचा शेवटचा तुकडा कापला. कुणी तिला चष्म्याच्या कपड्याबद्दल विचारलं नाही, गाळणीबद्दल विचारलं नाही. ज्याचा त्याचा हात बरोबर त्या त्या फळीवर जात होता.

"विहीणबाई, आच कमी करा."

"व्याहीबुवा, तुम्ही फक्त वेळ सांगा."

"उलटा आता. आत्ता."

"पाव जाड कापलाय," लिफ्टमनची बहीण म्हणाली. "बटाट्याला मीठ लावून ठेवा ना आधी." आणि तिचं बरोबर होतं. मेट्रनबाईंनी आपले जुळे कांदे तव्यात टाकले. तीन बायका, एक म्हातारा आणि एक वकील होऊ घातलेली मुलगी एका शेगडीभोवती होती आणि कुणाचा धक्का कुणाला लागत नव्हता.

"थांबा," मी म्हणालो, "आधी क्रम ठरवूया. पहिल्यांदा..."

लेकीने माझ्या हातात रिकामं ताट दिलं. "बाबा, हे धरून उभे राहा."

मी उभा राहिलो.

बायको जेवली. बटाटे, कांदा, एक अंडं आणि जाड पाव. ती हळूहळू जेवत होती आणि आम्ही सगळे तिच्या तोंडाकडे बघत होतो, निकाल लागायचा असल्यासारखे. तिने ताट पुसून घेतलं. पाणी प्यायली. आईला म्हणाली, "कुणी फोन केला नाहीत आज."

"करायचा नव्हता," आई म्हणाली. "तुझं काम होतं ना."

बायकोचे डोळे भरले. तिने ते लपवले नाहीत, आणि तिने कांदाही चिरला नव्हता. "मॅडम," ती म्हणाली, "मी हो म्हणते."

माझ्या हातून टाळी वाजली. मी तिला म्हटलं, सगळ्यांसमोर म्हटलं, की मला तुझा किती अभिमान वाटतो ते मला नीट सांगता येत नाही. ती म्हणाली, "मला माहीत आहे. तुम्ही मेट्रनबाईंना सांगितलंत म्हणे." मेट्रनबाईंनी त्यांची कुंडी खिडकीत ठेवली, बूट आवळले आणि निघताना मला म्हणाल्या, "यांच्या काळजीचं मला आता काही कारण दिसत नाही. उपाशी मरणारी माणसं नाहीत ही. फक्त मध्ये एकजण येतो."

"हो," बायको म्हणाली, "माझी तेवढीच अट आहे, त्या एकाने मध्ये यायचं नाही."

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं.

त्याला आता बरेच दिवस झाले. बायको इन्चार्ज आहे, आणि तिच्या वॉर्डांची शिस्त बघायला बाहेरगावच्या इस्पितळांतली माणसं येतात. आमच्याकडे आठवड्याच्या जेवणाचं नियोजन व्यवस्थित चालतं. लेक ते आखते, आई राजमा खऱ्याखुऱ्या रात्री भिजवते, नाना आच सांभाळतात आणि रोज एक ताट झाकून ठेवलेलं असतं. इमारतीत मला लोक विचारतात, "साहेब, घर कसं बसवलंत हो एवढं?" मी नम्रपणे हसतो आणि म्हणतो की शेवटी ज्याच्या त्याच्या धंद्याचा अनुभव कामी येतो.

माझं काम? रोज संध्याकाळी स्वयंपाकघराच्या दाराबाहेर मी खुर्ची टाकून बसतो. आमच्या धंद्यात बाहेर पडायची वाट मोकळी ठेवणारा माणूस सर्वांत जबाबदार समजतात. आत यायची मला परवानगी नाही, पण वास छान येतो.